बोईसर : भौगोलिक स्थान व ऐतिहासिक स्थित्यंतर

प्रस्तावना

सह्याद्री व अरबी समुद्र यांच्यामधील उत्तर कोकणच्या सखल पट्टीत, मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० कि.मी. अंतरावर बोईसर वसले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात त्याचा समावेश होतो. या परिसराचा अभ्यास करताना एक विसंगती जाणवते. रेल्वे स्थानक बोईसरचे आहे. परंतु अणुऊर्जा केंद्र व औद्योगिक वसाहत ओळखली जाते ती तारापूरच्या नावाने. वस्तीचे केंद्र किनाऱ्याकडून लोहमार्गाकडे सरकल्याची ही खूण होय.

खाडीकडून लोहमार्गाकडे

रेल्वेपूर्व काळात या भागातील सत्ता व व्यापार यांचा आधार समुद्र होता. तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने तो जिंकला. या लढाईत बाजी भिवराव रेटरेकर धारातीर्थी पडले. १८६० च्या दशकात मुंबई-गुजरात लोहमार्ग किनाऱ्यापासून काहीसा आत टाकला गेला आणि दळणवळणाचा कणाच बदलला. तरीही मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ आणि पूर्वेकडील वारली, मल्हार कोळी या समाजांचे जीवन मासेमारी, बागायत, भातशेती व जंगल यांवर आधारलेले राहिले. राष्ट्रीय चळवळीपासूनही हा परिसर अलिप्त नव्हता. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले; बोईसरलगतच्या सालवडचे सुकूर मोरे त्यांपैकी एक होत.

अणुऊर्जा व औद्योगिकीकरण

शीतकरणासाठी समुद्राचे पाणी आणि मुंबई-गुजरात या वीजग्राहक प्रदेशांचे सान्निध्य, या दोन्ही गोष्टी तारापूर किनाऱ्यावर उपलब्ध होत्या. १९६९ मध्ये तेथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. त्या वेळी दोन संचांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती. पुढे ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच २००५-०६ मध्ये सुरू झाले. या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे विस्थापित झाली. दरम्यान महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत रसायन, औषध, वस्त्र व पोलाद उद्योग उभे राहिले. कामगारांची वस्ती साहजिकच स्थानकाभोवती वाढली. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्याने मुंबईशी असलेला संबंध अधिक दृढ झाला.

वाढीची किंमत

२०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तारापूर देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. सांडपाण्यामुळे खाडी व मासेमारीची हानी होत असल्याची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. ज्या जलाशयावर जुन्या वस्तीचे पोट होते, तोच नव्या उद्योगाच्या उत्सर्जनाचे स्थान बनला. प्रशासकीय रचनाही वाढीच्या मागे पडली. २०११ च्या जनगणनेत बोईसरची नोंद नगर म्हणून झाली, तरी त्या वेळी त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता.

निष्कर्ष

बोईसरचे नागरीकरण स्थानिक शेती किंवा बाजारपेठेच्या क्रमिक विकासातून झाले नाही. लोहमार्ग, अणुकेंद्र व औद्योगिक वसाहत या तीन बाह्य निर्णयांतून ते घडले. त्या निर्णयांचा लाभ दूरवर पोहोचला. जमीन व पाणी यांच्या रूपाने त्यांची किंमत मात्र प्रामुख्याने आसपासच्या गावांनी मोजली. म्हणून बोईसरचा इतिहास लिहिताना कारखान्यांच्या वाढीबरोबरच विस्थापित गावे व मासेमार वस्त्या यांचीही नोंद होणे अगत्याचे आहे.