तीन चाकं, चार चाकं आणि एक हरीण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघातिघांनी मेल टाकून विचारलं की ब्लॉग बंद पडला का. बंद नाही पडला, आळस नडला. पण गेल्या नोव्हेंबरात घरात एक वाद झाला, आणि त्या वादापायी मी इतकं वाचलं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

तर झालं असं. इथे विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. नऊ दिवस. त्या दिवसांत अर्धं ऑफिस रिकामं असतं आणि पेट्रोल पंपावर जो तो भडक नारिंगी जाकिटात दिसतो. आमच्या शेजाऱ्याची उत्तरेकडे जंगलाला लागून जमीन आहे, तिथे त्यांचा डिअर कॅम्प. त्यांचा मुलगा आणि आमचे चिरंजीव एकाच वर्गात, वय वर्षं तेरा. शेजाऱ्याने विचारलं, "येऊ दे की त्यालाही. बंदूक नाही देणार, नुसता बरोबर राहील." मी हो म्हणणार तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "आणि बाबा, तिथे एटीव्ही पण चालवायला मिळणार आहे!"

एटीव्ही म्हणजे ती फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, हरणं मारायला जातात तिथे पोराला पाठवतोस आणि वर गाडी उलटायची काळजी करतोस?" तिचा मुद्दा तिच्या जागी. पण मला खरोखर भीती वाटली ती गाडीचीच.

या गाड्यांची गोष्ट सुरू होते 1970 मध्ये. होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत ही जुनी डोकेदुखी होती. बर्फात चालेल असं काहीतरी द्या, अशी मागणी जपानला गेली. ओसामु ताकेउची नावाच्या इंजिनियरने बऱ्याच खटपटींनंतर तीन चाकांची एक गाडी बनवली. स्प्रिंगा नाहीत, शॉकअब्सॉर्बर नाहीत. कमी हवेचे बावीस इंची फुगीर टायर हेच चाक आणि हीच गादी. किंमत 595 डॉलर. बर्फ, वाळू, चिखल, काहीही असो, ती तरंगल्यासारखी जायची. 1971 च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर' या बॉन्डपटात तिच्यावरून पाठलागही झाला. म्हणजे सुरुवातीला हे निव्वळ खेळणं होतं.

शेतकरी आणि शिकारी तिच्याकडे वळले ते नंतर. 1982 मध्ये होंडाने 'बिग रेड' आणली, सामान लादायला रॅक असलेली. ज्याने बर्फातून मेलेलं हरीण ओढलंय त्याला या रॅकची किंमत कळते. चांगला नर सत्तर-ऐंशी किलोचा असतो, आणि वर्षभर खुर्चीत बसणारा पन्नाशीचा माणूस तो एक मैल ओढायला लागला की त्याच्या हृदयाचं काय होतं ते सांगायला डॉक्टर नको. आमचा शेजारी म्हणतो, एटीव्हीने जितके शिकारी मारले असतील तितकेच वाचवलेही असतील. हा त्याचा हिशेब, माझा नव्हे.

आता तीन चाकांची भानगड. आपली रिक्षाही तीन चाकीच, आणि तीही वळणावर कधी कधी एक चाक उचलते. पण रिक्षाच्या मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरायची सोय असते. या गाडीत ती नव्हती. एकाच दांड्यावर दोन्ही चाकं, त्यामुळे वळवताना गाडी सरळच जायला बघायची. वळायचं असेल तर चालवणाऱ्याने अंग आतल्या बाजूला झुकवायचं, पण भार बाहेरच्या पायावर टाकायचा. सायकल किंवा मोटरसायकल येणाऱ्याला हे उलटंच वाटतं. गाडी कलायला लागली की माणूस साहजिकच पाय खाली टेकवतो, आणि मागचं चाक त्या पायावरून जातं. दिसायला मात्र ती लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीसारखी, म्हणून आईबाप निर्धास्तपणे पोरांना बसवायचे. मला वाटतं सगळ्यात मोठा घोटाळा हा दिसण्याचाच होता. मोटरसायकल बघून माणूस जपून असतो, हिला बघून नव्हता.

1980 नंतर इस्पितळांत रांगा लागल्या. ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी इथे एक सरकारी आयोग आहे, त्याने 1985 मध्ये चौकशी हाती घेतली आणि डिसेंबर 1987 मध्ये सरकारने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांना कोर्टात खेचलं. एप्रिल 1988 मध्ये तडजोडीवर कोर्टाची मोहोर उमटली. नव्या तीनचाकींची विक्री बंद. गाडी घेणाऱ्याला फुकट प्रशिक्षण. नव्वद सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे दुकानदाराने सांगायचं. सगळं दहा वर्षांसाठी.

पण एक गोष्ट त्या तडजोडीतून गळली. सरकारने आधी मागितलं होतं की लोकांनी विकत घेतलेल्या तीनचाकी परत घेऊन पैसे द्यावेत. ते झालं नाही. दुकानातल्या गाड्या हलल्या, कोठारातल्या तिथेच राहिल्या. ग्राहक संघटनांनी आरडाओरडा केला, उपयोग झाला नाही. म्हणजे धोकादायक म्हणून विकायला बंदी, पण ज्याच्या घरी आहे त्याने तिचं काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही.

पुढे चारचाकी आल्या (सुझुकीची पहिली 1982 च्या सुमाराला आलेलीच होती). त्या जास्त स्थिर होत्या, पण जडही झाल्या, वेगवानही. 1998 मध्ये करार संपला आणि सगळं कंपन्यांच्या स्वखुशीवर आलं. 2007 मध्ये इस्पितळात न्यावे लागलेले जखमी दीड लाखाच्या घरात गेले. 2008 मध्ये संसदेने कायदा करून सुरक्षेचे नियम सक्तीचे केले आणि नव्या तीनचाकींवर थेट बंदी आणली.

याच कायद्यातली एक गंमत सांगतो. त्यात मुलांच्या वस्तूंमधल्या शिशावर मर्यादा घातली होती. खेळण्यांसाठी रास्तच. पण लहान मुलांच्या एटीव्हीच्या बॅटरीत आणि टायरच्या व्हॉल्व्हमध्येही शिसं असतं! झालं, 2009 च्या फेब्रुवारीत दुकानदारांनी मुलांच्या छोट्या गाड्या विकणं थांबवलं. आता मूल बॅटरी चाटत बसणार आहे का? उलट छोटी गाडी मिळाली नाही तर ते बापाची मोठी घेऊन जाणार, आणि जिवाला खरा धोका तिथे. शहाणपण सुचून कायदा दुरुस्त व्हायला 2011 चा ऑगस्ट उजाडला.

हे झालं माणसांचं. जंगलाचं काय? राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी 1972 मध्येच एक आदेश काढला होता की सरकारी जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही ते ठरवा. तेव्हा देशात अशा सगळ्या प्रकारच्या पन्नास लाख गाड्या असल्याचा अंदाज त्यातच दिलाय. योगायोग म्हणजे आपला वन्यजीव संरक्षण कायदाही 1972 चाच. त्यात शिकारीच्या अटी होत्या, आणि चाकांच्या वाहनातून शिकार करायची नाही ही त्यातली एक. जीप आणि सर्चलाइट घेऊन रात्री निघणाऱ्यांच्या गोष्टी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोठ्या रंगवून सांगितल्यात, त्यामुळे ती अट का घातली ते समजतं. 1991 मध्ये आपल्याकडे शिकारच जवळजवळ पूर्ण बंद झाली आणि ते कलम निकाली निघालं.

इथे मात्र प्रश्न जिवंत राहिला. 2005 मध्ये वनखात्याने नियम केला की नकाशात दाखवलेल्या वाटांवरूनच गाडी न्यायची. पण एक सवलत ठेवली: मोठं जनावर मारलं असेल तर काही ठिकाणी, ठरवून दिलेल्या अंतरापर्यंत वाट सोडून ते आणायला जाता येतं. यावर शिकाऱ्यांमध्येच दोन तट आहेत. म्हातारे आणि अधू लोक म्हणतात, ही सवलत नसेल तर आम्ही घरीच बसायचं. पायी हिंडणारे म्हणतात, तुमच्या घरघरीने जनावर डोंगरापलीकडे जातं. ओरेगनमधल्या स्टार्की इथल्या कुंपण घातलेल्या जंगलात संशोधकांनी एल्क हरणांना रेडिओचे पट्टे बांधून हे तपासलं. पायी माणूस, घोडा, सायकल आणि एटीव्ही यांत एल्क सगळ्यात जास्त पळाले ते एटीव्हीला. मी दोन्ही बाजूंचं वाचलं. ज्याचे गुडघे गेलेत त्याला गाडी द्यावी असं मला वाटतं. धडधाकट तिशीच्या माणसाला कशाला हवी?

असो. वाद चिरंजीवांचा होता. विस्कॉन्सिनचा नियम असा की 1 जानेवारी 1988 नंतर जन्मलेल्याने सार्वजनिक वाटेवर एटीव्ही चालवायची तर बारा वर्षं पूर्ण हवीत आणि सुरक्षेचा कोर्स केलेला हवा. चालत्या गाडीवर भरलेली रायफल ठेवायची नाही. पण स्वतःच्या जमिनीवर बरीच ढील असते. म्हणजे निर्णय माझ्यावरच.

शेजाऱ्याकडे गेलो. म्हटलं, पाठवतो, पण तो चालवणार नाही आणि कुणाच्या मागेही बसणार नाही. तुमची गाडी एकाच माणसाची आहे. मला वाटलं तो हसेल. तो काही बोलला नाही, मला कोठारात घेऊन गेला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक लाल तीनचाकी होती, वडिलांची. 1985 मध्ये त्याच्या थोरल्या भावाचा पाय तिच्याखाली आला होता. भाऊ आजही लंगडतो. "फेकून का नाही दिलीत?" मी विचारलं. म्हणाला, "वडिलांनी फेकली नाही. मग मलाही जमलं नाही."

चिरंजीव गेले. रविवारी फोन आला, शेजाऱ्याने नर मारला होता आणि दोन्ही पोरांनी मिळून तो प्लास्टिकच्या घसरगाडीवरून दीड तास ओढत आणला. "बाबा, हात गेले माझे," एवढंच बोलून झोपायला गेला.

उन्हाळ्यातल्या कोर्सला त्याचं नाव घातलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचते, तेव्हा आता कळेलच.