भीमगीतांचा कार्यक्रम रंगतो कशाने आणि पडतो कशाने?

एप्रिल सरला की चाकण, म्हाळुंगे, भोसरी, पिंपरी ते थेट देहूरोडपर्यंत प्रत्येक मंडळात एकच प्रश्न विचारला जातो. यंदाचा कार्यक्रम कसा झाला? उत्तरात गायकाचे मानधन सांगितले जाते. स्पीकरचे किती बॉक्स लावले ते सांगितले जाते. कोणते पुढारी येऊन गेले ते सांगितले जाते. समोर बसलेल्या माणसाने काय ऐकले आणि घरी काय नेले, हे मात्र कोणीच सांगत नाही. आमचे म्हणणे असे आहे की कार्यक्रम रंगला की पडला, हे ठरवणारी गोष्ट नेमकी तीच आहे. आणि ही गोष्ट आपल्या चळवळीला बाबासाहेबांच्या हयातीतच कळलेली होती.

हा इतिहास शोधायला फार लांब जायला नको. चाकणच्या चौकातून जाणारा पुणे–नाशिक रस्ता धरा. पुढे नारायणगाव लागते, ती तमाशाची पंढरी. त्यापुढे संगमनेर तालुका, जिथल्या हिवरगाव पावसा गावची पवळा. मग सिन्नर तालुका, जिथल्या देशवंडीत वामनदादा कर्डक जन्मले. शेवटी नाशिक जिल्हा, जिथून भीमराव कर्डकांचा जलसा निघाला. ज्या रस्त्यावरून आज गाड्यांचे सुटे भाग भरलेले ट्रक जातात, त्याच रस्त्यावर आपल्या गाण्याचा अर्धा इतिहास घडला आहे.

मजा कोणाची आणि किंमत कोणाची?

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा तमाशाचा बांधीव घाट. ढोलकी, हलगी आणि तुणतुणे. हा कलाप्रकार प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींच्या कलावंतांनी जगवला. रंगत कशी आणायची हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते. पण ती रंगत विकत घेणारा समोर बसलेला असे, तो दौलतजादा उडवी आणि नाचणाऱ्या बाईच्या जातीवर तिची किंमत ठरवी.

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या. कलेवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला ती निष्ठेची गोष्ट म्हणून पुरेशी वाटत नाही. बाळंतीण झालेल्या बाईला त्याच रात्री बोर्डावर उभे राहावे लागते, अशी ती व्यवस्था होती. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावंतीणीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या आणि आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते.

पवळाची गोष्ट याहून टोकदार आहे. महार समाजातली पवळा आणि तिच्याबरोबर फड चालवणारे ब्राह्मण शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णा कुलकर्णी, यांची जोडी मुंबईपर्यंत गाजली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. आमच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा आम्हाला नको, असा त्या नकाराचा अर्थ. पैशाची चणचण असलेल्या चळवळीने पैसा नाकारला. गाण्याच्या कार्यक्रमाविषयीचा आंबेडकरी विचार या नकारापासून सुरू होतो. ही मजा कोणाच्या अपमानावर उभी आहे, हा त्याचा पहिला प्रश्न आहे.

जलशाने नेमके काय बदलले?

बाबासाहेबांनी तमाशातली ती कमाई नाकारली, पण तमाशाची ताकद चळवळीने वाया जाऊ दिली नाही. सत्यशोधकांनी आधीच वाट दाखवली होती. तमाशाचा घाट घ्यायचा आणि त्यातून भटशाहीवर, सावकारीवर बोलायचे, हे सत्यशोधक जलशांनी करून दाखवले होते. आंबेडकरी जलशांनी तो घाट आणखी बदलला. नाची काढून टाकली. देवाच्या स्तवनाच्या जागी बाबासाहेबांना आणि चळवळीला वंदन आले. कृष्ण आणि गवळणींच्या छेडाछेडीला जागा उरली नाही. बतावणीतला सोंगाड्या मात्र ठेवला, कारण हसवल्याशिवाय माणूस रात्रभर बसत नाही, हे या कलावंतांना पक्के ठाऊक होते.

त्या सोंगाड्याच्या तोंडी काय होते? मेलेली जनावरे ओढायची की नाही, पोराला शाळेत घालायचे की पाटलाकडे राबायला पाठवायचे, नवसाला बकरे कापायचे की तोच पैसा पाटी-पुस्तकावर घालायचा. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, येवला, या सगळ्या घडामोडी वाचता न येणाऱ्या वस्तीपर्यंत वर्तमानपत्राने नव्हे, जलशाने पोहोचवल्या. आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा एक जलसा, असे बाबासाहेब कर्डकांच्या जलशाबद्दल म्हणत, ही आठवण जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. भीमराव कर्डकांनी पुढे या जलशांवर पुस्तकही लिहिले.

जलसा रंगायचा तो का? ना दिव्यांची रोषणाई होती, ना मोठे मानधन. त्याची कारणे आम्हाला तीन दिसतात. पहिले, घाट ओळखीचा होता. ढोलकी वाजली की माणूस आपोआप पुढे सरकून बसायचा. दुसरे, बोललेले त्याच्या उद्याच्या दिवसाचे होते. सकाळी उठल्यावर पाटलाचे बोलावणे आले तर जायचे की नाही, हे त्याला खरोखर ठरवायचे असायचे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याला कार्यक्रमात काम होते. त्याने हसायचे, हुंकार द्यायचा, धृपद उचलायचे, मध्येच सवाल टाकायचा. आपल्या भागाला हे नवे नाही. देहू आणि आळंदी इथून जवळच आहेत. कीर्तनात टाळकरी मागे उभे राहून गातात, म्हणून कीर्तन चढते. गाडगेबाबांनी तर कीर्तनाचे रूपांतर सवाल-जवाबात केले. ते विचारत आणि समोरचा हजारोंचा समुदाय उत्तर देई.

वामनदादांच्या आयुष्यात ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. १९२२ सालचा जन्म. मुंबईत मजुरी करणाऱ्या तरुण वामनला कोणीतरी पत्र वाचायला दिले, ते वाचता आले नाही म्हणून तो रडला आणि मग मोठेपणी अक्षरे शिकला. १९४३ मध्ये त्याने पहिले गाणे लिहिले. पुढची साठ वर्षे तो गावोगाव गात फिरला. ज्याला स्वतःला अक्षर नव्हते, त्याला ठाऊक होते की समोरच्याकडे कागद नाही. एकदा ऐकून कळले पाहिजे आणि दुसऱ्या फेरीला तोंडात बसले पाहिजे. म्हणून सोपे शब्द, ओळखीची चाल आणि पक्के धृपद. विद्वानांना त्यात साधेपणा दिसतो. आम्हाला त्यात श्रोत्याविषयीचा आदर दिसतो.

आणि बायका? जलशाच्या बोर्डावर सुरुवातीला स्त्रीची सोंगेही पुरुषच घेत. पण त्याच काळात, ज्या बायकांना बोर्डावर जागा नव्हती, त्या जात्यावर भीमाच्या ओव्या गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यातून सुरुवात करून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या कितीतरी आहेत. त्या मैफलीत गाणारी आणि ऐकणारी एकच होती. तिला कोणी मानधन दिले नाही आणि तिचा कार्यक्रम कधी पडलाही नाही.

मुकाबल्यापासून डीजेपर्यंत

धर्मांतरानंतर गायन पार्ट्यांचा आणि कव्वालीच्या मुकाबल्यांचा काळ आला. हार्मोनियम, ढोलक, बँजो, टाळ्या. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशी एकाहून एक नावे. एक पार्टी सवाल टाकायची, दुसरी जवाब द्यायची आणि निकाल वस्ती द्यायची. पहाटेपर्यंत माणसे हलत नसत, कारण पुढचा जवाब काय येणार हे गाणाऱ्यालाही माहीत नसायचे. मुकाबल्यात दोषही होता. सवाल-जवाब घसरला की समोरच्या गायिकेच्या बाईपणावर यायचा आणि तमाशातून हाकललेली गोष्ट मागच्या दाराने परत यायची. तरीही श्रोता त्यात पंच होता. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. आयुष्यभर त्यांनी लोकांसमोर उभे राहूनच गायले होते.

आता आजच्या चाकणकडे या. इथे कंपन्यांच्या वाहनांत बसून येणारा तरुण नांदेड, परभणी, लातूर, बुलढाण्याचा आहे. तो कंत्राटी आहे, खोलीत चौघांबरोबर राहतो, घरापासून दूर आहे. जयंतीच्या दिवशी त्याला आपली माणसे हवी असतात. आम्ही या पट्ट्यातले कितीतरी कार्यक्रम पाहिले आहेत, त्यातल्या पडलेल्या कार्यक्रमांची कहाणी जवळपास एकच असते. सहाची वेळ, सुरुवात आठला. मग दीप, हार, प्रास्ताविक आणि सत्कार. एकेका पुढाऱ्याची शाल, प्रत्येकाचे दोन शब्द. गायक माईकवर येतो तेव्हा साडेनऊ झालेले असतात आणि दहाला पोलीस माईक बंद करायला येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. आपला दिवस त्यात आहे का, हे आधी पाहायचे असते. गायकाला अर्धा तास मिळाला तर दोष पोलिसांचा नाही, शालींचा आहे.

दुसरी बाब आवाजाची. प्रेस शॉपमध्ये आठ तास काम करणारा माणूस कानात प्लग घालतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास सुरक्षित मानले, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. तोच कामगार संध्याकाळी स्पीकरच्या भिंतीसमोर उभा राहतो. तिथे ढोलकीही कळत नाही आणि शब्द तर नाहीच. शब्द कळला नाही तर भीमगीत आणि लग्नातले गाणे यांत फरक काय उरला?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. दहा दिवसांच्या इतर उत्सवांतला गोंगाट ज्यांना संस्कृती वाटतो, त्यांनाच १४ एप्रिलला कान आठवतात. ज्यांच्या पूर्वजांना रस्त्यावर मोठ्याने बोलायचीही मुभा नव्हती, त्यांची पोरे तोच रस्ता आवाजाने भरून टाकतात, यात हक्काची भावना आहे. त्या भावनेला नावे ठेवणाऱ्यांच्या रांगेत आम्ही बसणार नाही. पोरांनी नाचावे. नाचणे हा गुन्हा नाही. पण रस्त्यावर हक्क सांगणे ही एक गोष्ट आणि गाण्याचा कार्यक्रम ही दुसरी. मिरवणुकीत आपण जगाला सांगतो की आम्ही आहोत. कार्यक्रमात आपण एकमेकांना सांगतो की आम्ही कोण आहोत आणि पुढे कुठे जायचे आहे. पहिल्यासाठी आवाज लागतो, दुसऱ्यासाठी शब्द लागतात. आवाजाने शब्दाची जागा घेतली की जलशाने मिळवलेले आपण आपल्याच हाताने परत करतो.

कोणी म्हणेल, शब्द तर मोबाईलवर आहेत. खरे आहे. कडुबाई खरात यांची एकतारी मोबाईलवरूनच महाराष्ट्रभर गेली. पण मोबाईल तुम्हाला प्रश्न विचारत नाही आणि तुमचा जवाबही ऐकत नाही. समोर बसलेली वस्ती पाहून गायक जे कडवे पुन्हा घेतो, ज्या ओळीवर थांबतो, ते फक्त तिथेच घडते. एकत्र बसून ऐकायचे कारण तेवढेच आहे आणि ते मोठे आहे.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमचे सरळ सांगणे आहे. सत्कार दहा मिनिटांत संपवा किंवा बंद करा. पाळ्यांचे वेळापत्रक पाहून वेळ ठरवा, दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी सकाळचाही एक कार्यक्रम ठेवा. आवाज तपासताना शेवटच्या रांगेत उभे राहा, तिथे शब्द कळला की तिथेच थांबा. बायकांच्या बसण्याची जागा पुढे ठेवा आणि वस्तीतल्या आजीला दोन ओव्या गायला माईक द्या. मोठ्या गायकाआधी स्थानिक पोरांचा जलसा उभा करा आणि त्यातल्या सोंगाड्याच्या तोंडी आजचे सवाल घाला. कंत्राटी कामगाराला कायम का करत नाहीत? खोली देताना आडनाव का विचारतात? शिष्यवृत्ती का अडते? भीमरावांच्या काळात पाटलाचे बोलावणे होते, आज ठेकेदाराचा फोन आहे.

पुढच्या वर्षी कोणी विचारले की कार्यक्रम कसा झाला, तर बॉक्सचा आकडा सांगू नका. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीत आपली पोरे कोणते धृपद गुणगुणत होती आणि कशावर वाद घालत होती, ते सांगा.

जय भीम!