दुहेरी करआकारणी अहवाल (१९२३)

एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर घेण्याच्या प्रश्नाचा पायाभूत अभ्यास. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात करांचे दर भडकले आणि परदेशात भांडवल गुंतवणारे दोन्हीकडून भरडले जाऊ लागले. तेव्हा राष्ट्रसंघाने रॉटरडॅमचे ब्रूइन्स, तुरिनचे लुइजी एइनाउदी (पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष), कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन आणि लंडनचे जोसाया स्टँप यांच्याकडे हे काम सोपवले. त्यांचा गाभ्याचा विचार ‘आर्थिक निष्ठे’चा: संपत्ती कुठे निर्माण झाली, कुठे आहे, तिच्यावरचे हक्क कुठे बजावता येतात आणि मालक कुठे राहतो, हे पाहून कराचा अधिकार ठरवावा. जर्मन अभ्यासक गेओर्ग फोन शान्त्स यांनी ही दिशा १८९२ मध्येच दाखवली होती. जमिनीवरचा कर जमीन असलेल्या देशाचा. रोख्यांच्या व्याजावरचा मात्र प्रामुख्याने मालकाच्या निवासाच्या देशाचा. हा कल व्यवहारात धनको राष्ट्रांना सोयीचा ठरतो, ही अहवालाची खरी मर्यादा. पुढे राष्ट्रसंघाच्याच १९२८ च्या नमुना करारांनी उत्पन्नाच्या उगमाचा देश आणि मालकाच्या निवासाचा देश यांच्या हक्कांत तडजोड काढली. अहवालाच्या लेखकांपैकी सेलिग्मन हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आंबेडकरांच्या १९२५ च्या ग्रंथाला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे.