निळ्या पेटीचें कुलूप

इंटरनेट हवेंतून सर्व खोल्यांत पोंचविणारी राउटर नांवाची पेटी श्रोत्यांच्या परिचयाची आहे. ती वस्तुतः एक संपूर्ण संगणकच होय, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. वीज गेली तरी न पुसणाऱ्या तिच्या फ्लॅश स्मृतींत कारखानदारानें भरून ठेवलेली आज्ञावली असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली बदलण्याचा अधिकार कोणाचा? विकणाऱ्याचा कीं विकत घेणाऱ्याचा? या वादांत एका निळ्या-काळ्या पेटीनें मोठीच कामगिरी बजावली.

अमेरिकेंतील लिंक्सिस कंपनीनें २००२ सालच्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी ही पेटी बाजारांत आणली. पुढच्याच वर्षीं सिस्को या बलाढ्य कंपनीनें लिंक्सिस विकत घेतली. त्याच सुमारास जिज्ञासूंना आढळून आलें कीं, या पेटींत लिनक्सचा कर्नल चालतो. हा कर्नल लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडमध्यें विद्यार्थी असतांना लिहावयास घेतला, आणि १९९२ पासून तो रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखालीं वांटला जातो. त्या परवान्याची अट मोठी मार्मिक आहे. कर्नल कोणीहि फुकट घ्यावा, विकावाहि. परंतु ज्याच्या हातीं तो दिला, त्याला त्याची मूळ संहिताहि दिली पाहिजे. खत न वाचतां सही करणाऱ्याची जी गत होते, तीच येथें झाली. जून २००३ मध्यें ओरड झाली आणि थोड्याच आठवड्यांत कंपनीला संहिता खुली करावी लागली.

मग लोकांनीं पेटींत आपला कर्नल घालण्याची खटपट आरंभिली. पेटी चालू होतांच आधीं सीएफई नांवाचा छोटा कारभारी जागा होतो. फ्लॅशमधून कर्नल शोधून, त्याच्या हातीं कारभार सोंपवून तो बाजूस होतो. त्याला चार क्षण थांबावयास लावलें, तर तेवढ्यांत तारेनें नवें फर्मवेअर पाठवितां येतें. हें थांबणें चालू करण्याची युक्ति तर मौजेची होती: संपर्क तपासण्याच्या पानावर, पत्त्याच्या रकान्यांत लोक चक्क आज्ञाच लिहीत, आणि पेटी ती निमूटपणें पाळी! मात्र चुकीचें फर्मवेअर भरलें आणि कारभारीहि पुसला गेला, कीं पेटीची नुसती वीट.

जानेवारी २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प या खुल्या संहितेवरच उभा राहिला. तरीहि एक खोली बंदच होती. रेडिओ चालविणारा भाग ब्रॉडकॉम कंपनीनें केवळ यंत्रभाषेंत दिलेला, आणि तोहि २.४ या कर्नलसाठींच बांधलेला. कर्नल २.६ बसवावा, तर रेडिओ मुका. तेव्हां कांहींनीं त्या यंत्रभाषेचा उलगडा करून नुसतें वर्णन लिहिलें, व त्यावरून दुसऱ्यांनीं नवी संहिता रचली. ती २००६ सालीं लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तींत दाखल झाली. इतका चिकाटीचा उद्योग क्वचितच दृष्टीस पडतो.

२००५ सालीं कंपनीनें पवित्रा बदलला. पांचव्या आवृत्तींत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स घातलें, आणि फ्लॅश ४ मेगाबाइटांवरून २ वर आणली. लिनक्सची जुनी पेटी शौकिनांसाठीं डब्ल्यूआरटी५४जीएल या नांवानें निराळी विकावयास ठेविली. पण २००६ मध्यें लोकांनीं त्या तोकड्या पेटींतहि पुन्हां लिनक्स बसविलें.