लांब नळीचे भिंग आणि पोखर्णीची यात्रा

निजामाच्या अमदानीत, परभणी हा औरंगाबाद सुभ्यातील जिल्हा असताना, छायाचित्र ही मुख्यत्वे दरबाराच्या आणि जहागीरदारांच्या दिवाणखान्याच्या शोभेची वस्तू होती. ज्यांना सहाव्या निजामांनी ‘मुसव्विर जंग’ हा किताब बहाल केला त्या राजा दीनदयाळ यांचे कसब अलौकिक होते, परंतु काचेच्या जड तबकड्या आणि तिवई घेऊन यात्रेच्या गर्दीत शिरणे हे त्या विद्येच्या स्वभावातच नव्हते.

ही अडचण जर्मनीतील वेट्झलर येथील लाइट्झ कारखान्याने दूर केली. १९३२ साली त्याच्या लायका या छोट्या कॅमेऱ्यात अंतरमापक आणि भिंग यांची सांगड घातली गेली व पुढच्याच वर्षी १३५ मिलिमीटरचे, लांब नळीचे हेक्टर भिंग बाजारात आले. पाहण्याच्या इवल्याशा खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगावरील कडे हळूहळू फिरवले, म्हणजे मागील बाजूची धातूची कड कॅमेऱ्यातील छोट्या चाकाला रेटते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की अंतर साधले. नळी जितकी लांब, तितकी यात केसाएवढी चूकही उघडी पडते. म्हणूनच अशा कॅमेऱ्यांवर १३५ ही बहुतांशी शेवटची हद्द ठरली आणि त्यापुढच्या २०० मिलिमीटरच्या टेलिट भिंगासाठी आरशाची स्वतंत्र पेटी जोडावी लागे.

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णीचे हेमाडपंती नृसिंहमंदिर आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीची नृसिंहजयंतीची यात्रा ध्यानात घेतली, म्हणजे या भिंगाचे मोल कळते. पन्नास फुटांवरून साधे ५० मिलिमीटरचे भिंग छत्तीस फूट रुंदीचा देखावा घेते, तर हेक्टर अवघा तेरा फुटांचा. त्यामुळे पायरीवर विसावलेली, लेकराच्या तोंडाला पाण्याचे भांडे लावणारी कुणबीण, तिच्या नकळत आणि तिच्या निवांतपणाला धक्का न लावता, चौकटीत येऊ शकते. स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसवलेल्या माणसाच्या चित्रापेक्षा असे एक चित्र मला इतिहासाच्या दृष्टीने शतपटीने मोलाचे वाटते. हेक्टरचे उजेड आत घेणारे तोंड एफ/४.५चे, म्हणजे तसे मंदच. पण मराठवाड्याच्या वैशाखात उजेडाची वाण कधी पडली आहे?

पुढे आरशाचे कॅमेरे आले, १९५९ साली निकॉन एफ आला, आणि जे भिंगातून दिसते तेच डोळ्याला दिसू लागल्यावर अंतरमापकाची लांब भिंगे मागे पडली. हेक्टरचे उत्पादन १९६०च्या सुमारास थांबले. ते आरंभले तेव्हा परभणीवर निजामाचा अंमल होता, संपले तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मास आले होते.

परभणी जिल्ह्यातील ज्या कुटुंबांच्या ट्रंकांत त्या काळच्या निगेटिव्ह असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्या रद्दीत घालू नयेत; कोरड्या कागदी पाकिटांत ठेवून, घरातील वडीलधारे हयात आहेत तोवर, पाकिटावर पेन्सिलीने गाव, साल आणि माणसांची नावे लिहून घ्यावीत.