गरोदरपणांतील श्वेतस्राव : एका गैरसमजाचा इतिहास

आजचा विषय घरोघरीं कुजबुजत बोलला जाणारा आहे. गरोदरपणीं अंगावर पांढरें जाऊं लागलें कीं सून सासूला सांगावयास लाजते, आणि सांगितलें तरी गोष्ट डॉक्टरांपर्यंत जात नाहीं. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहें. म्हणून हा स्राव संशयास पात्र कसा झाला व निर्दोष कसा ठरला, एवढेंच सांगतों.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील प्रसूतिगृहांत सूतिकाज्वरानें असंख्य बाळंतिणी दगावत. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यांनीं डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें. एप्रिलमध्यें शेंकडा १८ असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास आलें. पुढें जंतुशास्त्र उदयास आल्यावर मात्र निराळीच शंका उठली. विष गर्भिणीच्या स्वतःच्या स्रावांतच तर नसेल? ह्या भीतीनें प्रसूतीपूर्वीं योनिमार्ग जंतुनाशक औषधांनीं धुण्याची चाल पडली.

१८९२ मध्यें लाइपझिगच्या आल्बर्ट ड्योडर्लाइन यांनीं गर्भिणींचे स्राव तपासून ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी स्राव पांढरट व आम्ल असून त्यांत काठीच्या आकाराचे जंतु विपुल आढळले. हे जंतु दुग्धाम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारेंच आम्ल, निर्माण करतात. त्यापुढें पू करणारे जंतु तग धरीत नाहींत. ज्याला चोर समजलों तो पहारेकरी निघाला! दोनच वर्षांनीं क्रोनिग यांनीं दाखविलें कीं, औषधी धुण्यानें ही स्वयंशोधक शक्ति उलट मंदावते.

पुढील संशोधनानें कारणही उलगडलें. गर्भारपणीं एस्ट्रोजेन वाढतें, योनीच्या अस्तरांतील पेशींत ग्लायकोजेन सांठतें, आणि त्यावरच ह्या पहारेकऱ्यांचें पोषण होतें. रक्ताचा पुरवठा वाढल्यानें स्रावही वाढतो.

तेव्हां पातळ, स्वच्छ किंवा दुधी रंगाचा, उग्र वास नसलेला स्राव महिन्यागणिक वाढला तर तो स्वाभाविक समजावा. बाहेरून साध्या पाण्यानें स्वच्छता आणि सुती वस्त्र पुरे. आंतून धुणें नको. मात्र हिरवा-पिवळा रंग, दुर्गंधी, खाज, आग, रक्त किंवा पाण्यासारखी गळती दिसल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें.

एवढी गोष्ट आईनें मुलीला वेळींच सांगितली, तर निष्कारण चिंता टळेल आणि खरें दुखणेंही लपून राहणार नाहीं.