धक्का स्टार्टचा इतिहास

पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करत रोह्याला जाणाऱ्या रस्त्यावर कुठेही मोटारसायकल बंद पडू द्या. पाच मिनिटांत तीन-चार जण जमतात आणि प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. "आडवी करा जरा." "प्लग काढून पुसा." "चोक ओढा." "सेकंड टाका, धक्का मारतो." (कोकणात फुकट मिळणाऱ्या गोष्टींत सल्ल्याचा नंबर बराच वरचा आहे :-) )

गंमत म्हणजे यातला एकही सल्ला मुळात चुकीचा नाही. फक्त प्रत्येक सल्ला एका वेगळ्या गाडीसाठी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आता बनतच नाहीत. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. ज्या मशीनसाठी लिहिला ते मशीन कधीच भंगारात गेलं, कोड मात्र अजून चालू! म्हणून या वीकांताला या सल्ल्यांची वयं काढायला बसलो.

सगळ्यात म्हातारा सल्ला धक्क्याचा. १८९४ साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकल विकायला काढली. कारखान्यात संख्येने बनलेली ही पहिलीच. तिला ना क्लच, ना किक. ठिणगीऐवजी ज्योतीवर तापवलेली एक नळी, आणि सुरू करायचं तर गाडी ढकलत पळायचं. म्हणजे विकायला आलेली पहिली मोटारसायकलच धक्का स्टार्ट होती!

इंजिनाला लागतं तरी काय? हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि दाब. मेकॅनिकच्या भाषेत पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन. सव्वाशेहून जास्त वर्षांत ही यादी तशीच आहे. बदललं ते एवढंच, की या तीन गोष्टी सांभाळायच्या कोणी.

१९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इकडे बनायला लागली. बुलेटवर या तिन्ही गोष्टी चालवणाऱ्याने सांभाळायच्या. किक हळूहळू दाबत अँपियर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, मग एकच जोरदार किक. चुकलात तर किक उलटी बसायची. ठिणगी पाडायचे ते सीबी पॉइंट. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पॉइंट जळले, त्यावर काजळी आली की करंट गायब. पॉइंटवर पॉलिश पेपर मारायचा उपाय इथला.

प्लग पुसायचा सल्ला टू-स्ट्रोक गाड्यांनी रुजवला. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून जावा येऊ लागल्या, त्यांचंच नाव पुढे येझदी झालं. एस्कॉर्ट्सची राजदूतही साठच्याच दशकातली. या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, तेही पेट्रोलबरोबर जळायचं, आणि अर्धवट जळालेलं प्लगवर काळ्या चिकट थरासारखं बसायचं. त्यामुळे सीटखाली प्लग पान्हा असणं म्हणजे खिशात रुमाल असण्यासारखं होतं.

गाडी आडवी करायची कला स्कूटरची. १९७२ साली पुण्याच्या आकुर्डीतून चेतक आली. तिचं इंजिन उजव्या बाजूला, कार्बोरेटर खाली. गाडी कलती केली की पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीकडे सरकायचं आणि पुढच्या किकला इंजिन बोलायचं. आख्ख्या महाराष्ट्राने आपल्या बाबांना रोज सकाळी स्कूटरला वाकवताना पाहिलंय.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, चार स्ट्रोकची. ऑइल इंजिनात वेगळं, पेट्रोल टाकीत वेगळं. प्लग काळा होणं एकदम कमी झालं. पुढे सीबी पॉइंट जाऊन सीडीआय आलं, म्हणजे पॉलिश पेपरचंही काम संपलं. उरले चोक, कॉक आणि कार्बोरेटरमधला कचरा. २००६ मध्ये ग्लॅमरला फ्युएल इंजेक्शन मिळालं, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच गेला. त्याच्याबरोबर चोक गेला, रिझर्व्हचा कॉकही गेला.

आता पुन्हा त्या रस्त्यावरच्या सल्ल्यांकडे या. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी फार आडवी झाली की तो समजतो अपघात झाला, आणि इंजिन तोडतो. चावी बंद करून परत चालू केल्याशिवाय गाडी हूं की चूं करत नाही. म्हणजे चेतकला जो उपाय होता, तोच इथे आजार! धक्क्याचंही तसंच. जुन्या गाडीत मॅग्नेट फिरला की ठिणगी पडायची, बॅटरी मेली असली तरी चालायचं. इंजेक्शनला मात्र पेट्रोलचा पंप आणि छोटा कॉम्प्युटर चालवायला बॅटरीत थोडातरी जीव लागतो. बॅटरी ठार गेली असेल तर दम लागेपर्यंत ढकला, बहुधा काही होणार नाही.

काही दुखणी मात्र कुठल्याच काळाची नसतात. मागे एका पावसाळ्यात भिसे खिंडीत माझी कार्बोरेटरची जुनी गाडी दर दहा मिनिटांनी बंद पडत होती. थोडं थांबलं की सुरू, परत दहा मिनिटांनी बंद. रोह्याच्या एका मेकॅनिकने प्लगला हातही लावला नाही. म्हणाला, "दादा, टाकीचं झाकण उघडा बघू." उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा नको का यायला? त्याने तारेने भोक मोकळं केलं, संपलं. त्याने लक्षण विचारलं, वेळ विचारली, आणि मगच हात लावला. याहून चांगलं डिबगिंग मी ऑफिसात क्वचितच पाहिलंय.

आणि एक सल्ला असा की तो चुकला तर इंजिनच जातं. २००५ च्या जुलैअखेरीस रायगड जिल्ह्याने पूर आणि दरडी दोन्ही भोगल्या. पुरात बुडालेली गाडी "एकदा मारून बघू" म्हणून स्टार्ट करू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, हळूहळू किक मारून पाणी बाहेर काढा (किक नसेल तर गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा). ऑइल दुधाळ दिसलं तर बदला. हा सल्ला बुलेटलाही लागू होता आणि आजच्या गाडीलाही आहे. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी धरतं, म्हणून पावसाळ्यात टाकीत पाणी जाणार नाही एवढं मात्र जास्त बघायला हवं.

धाटावच्या एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला निघालेल्याची गाडी सुरू झाली नाही तर त्याचा खाडा पडतो. तो जवळच्या गॅरेजवर जातो. तिथल्या माणसाचे कान आणि बोटं कार्बोरेटरवर तयार झालेली, आणि नव्या गाडीचा पिवळा दिवा बोलतो फक्त स्कॅनरशी. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडून गिऱ्हाईक पुढच्या गावाला जातं. पण स्कॅनर फार तर एक कोड सांगतो. कोड का आला, हे शोधायला पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन याच क्रमाने जावं लागतं, आणि तो क्रम त्याला तोंडपाठ आहे. असा मेकॅनिक तुमच्या ओळखीत असेल तर नवी गाडी घेतल्यावरही त्याच्याकडे जात राहा.

बाकी तुम्ही रस्त्यात अडकलात तर आधी किल स्विच बघा, साइड स्टँड बघा, टाकीत पेट्रोल बघा. मग गाडीचं साल आठवा, आणि मगच कोणाचा सल्ला घ्यायचा ते ठरवा.